रेंडर लवकर होतो, मग आपण घरी उशिरा का जातो? (खान्देशातल्या थ्रीडीवाल्यांसाठी)

गिरणाकाठ | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

मी जळगावचा. २००९ साली पुण्यात एका थ्रीडी स्टुडिओत लागलो आणि अकरा वर्षं तिथेच काढली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तसा घरी आलो, तो परत गेलोच नाही. आता इथे दोन खोल्यांत आम्ही चौघं काम करतो. बिल्डरांची एलिव्हेशनं (इमारत समोरून कशी दिसेल ती चित्रं), बंगल्यांचे इंटिरियर, क्वचित एखादा वॉकथ्रू (घरातून फिरवणारा व्हिडिओ). काम मला आजही मनापासून आवडतं. पण गेले काही महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

पुण्यात लागलो तेव्हा मॉडेल बनवायला थ्रीडीएस मॅक्स आणि रेंडरला व्ही-रे, एवढंच जग होतं. एका हॉलचा फायनल रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने बनवलेलं शेवटचं चित्र, निघायला बारा-पंधरा तास लागायचे. संध्याकाळी साडेसातला रेंडर टाकायचा, पडद्यावर ते छोटे चौकोन फिरायला लागले की खुर्ची सरकवून निघायचं. सकाळी चहाच्या आधी स्क्रीन बघायची. छताच्या कोपऱ्यात काळपट डाग पडलेले दिसले की पोटात गोळा यायचा, कारण आणखी एक रात्र गेली. हे पार्टीलाही, म्हणजे ग्राहकालाही, माहीत असायचं. ‘सोफ्याचा रंग बदला’ म्हणण्याआधी समोरचा माणूस विचार करायचा, कारण त्याचाही एक दिवस जाणार असायचा.

आज तोच हॉल माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत निघतो. म्हणजे मी पाचला मोकळा व्हायला हवा. गेल्या महिन्यात एका बंगल्याच्या समोरच्या बाजूचे मी एकोणीस पर्याय दिले. शेवटचा निरोप रात्री पावणेअकराला आला, ‘फक्त दगड बदलून बघा ना, पाच मिनिटांचं काम आहे.’ अखेर ठरला तिसरा पर्याय. तो मी पहिल्याच आठवड्यात दिला होता.

आधी मशीन रात्रभर जागायचं आणि मी झोपायचो. आता मशीन मोकळं आणि मी जागा. वाचलेला सगळा वेळ करेक्शनमध्ये गेला, आणि त्याचे पैसे कुणी मोजत नाही. माझ्याकडे काम करणारी दोन मुलं पंचविशीतली आहेत. त्यांचे डोळे बघून मला माझीच लाज वाटते, कारण रात्री थांबवणारा मीच असतो.

तुम्ही कसं करता? धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, जिथे असाल तिथून लिहा. मशीन, वीज, ऊन, उधारी, सगळं चालेल.

---

पांझरेपल्याड | सोमवार, सकाळी ८:१५

दादा, धुळ्याहून लिहितोय. एकटाच काम करतो, देवपुरात घराच्या वरच्या खोलीत. करेक्शनबद्दल नंतर लिहीन, आधी उन्हाचं सांगतो. आपल्याकडे मशीन विकत घेणारा माणूस पुण्या-मुंबईचा सल्ला ऐकतो आणि मेमध्ये रडतो.

कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतला चिपही साधारण तेवढाच वर सरकतो. पुण्यात २६ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर निवांत ८० वर चालतो, तो माझ्या पत्र्याखालच्या ३८-४० अंशांच्या खोलीत ९५ ला टेकतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग ‘रेंडर यंदा हळू का झाला’ म्हणून आपण सॉफ्टवेअर बदलत बसतो. मी एक पूर्ण उन्हाळा असाच घालवला.

शेवटी खोलीला एसी लावला, छतावर चुना मारला, आणि मशीनच्या डब्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू पंख्यात अडकून गादीच तयार होते, दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारावा लागतो. आणि यूपीएसशिवाय रेंडर टाकू नका. एकदा पहाटे चारला लाईट गेली, वॉकथ्रूच्या ५२० व्या फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या ५२० व्या चित्राला, आणि मी फ्रेमा सुट्या न काढता सरळ व्हिडिओच काढत होतो. सगळं पहिल्यापासून.

विजेचा हिशोबही लावा. ६०० वॅट ओढणारं मशीन दहा तास चाललं की सहा युनिट, एसी वेगळा. हे मी आता कोटेशनमध्ये धरतो.

---

चौथा_मजला | सोमवार, दुपारी १:०५

मी तुमच्या धंद्यातला नाही, पण तुमचं चित्र बघून घर घेतलेला माणूस आहे. नाशिक जिल्ह्यातली स्कीम होती, नाव घेत नाही. ब्रोशरमध्ये बेडरूममध्ये डबल बेड, दोन्ही बाजूंना टेबलं, खिडकीपाशी आरामखुर्ची, आणि तरी चालायला जागा. ताबा मिळाला तेव्हा बेड लावल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडेना. समोर चित्रात बाग होती, तिथे ट्रान्सफॉर्मर आहे. बायको त्या खिडकीचा पडदा लावूनच ठेवते.

पर्यायांच्या संख्येबद्दल तुम्ही बोलताय ते कळतं. पण खोटं चित्र काढायला नकार देता येतो का, हे मला विचारायचं आहे. राग म्हणून नाही, खरंच विचारतोय.

---

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी २:३०

@चौथा_मजला, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. खरं उत्तर देतो. पुण्यात असताना मी अशी चित्रं काढली आहेत.

कसं करतात तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी ओळखता येईल. पहिलं, कॅमेरा भिंतीच्या बाहेर उभा करायचा आणि मधली भिंत कापून टाकायची. दहा बाय अकराच्या खोलीत प्रत्यक्षात जिथे उभंच राहता येत नाही, तिथून ती खोली दिसते. दुसरं, लेन्स खूप रुंद घ्यायची, की समोरची भिंत लांब पळते. तिसरं सगळ्यात वाईट, फर्निचर आखडायचं. सहा फुटी बेड साडेपाच फुटी केला की कुणाला कळत नाही. बेडची उशी आणि दाराची उंची यांची तुलना करा, तिथे पकडलं जातं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. रेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा) २०१६ चा कायदा, कलम १२: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. महारेरा १ मे २०१७ पासून चालू आहे. ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ अशी बारीक ओळ छापतात, तिला घाबरून गप्प बसू नका. ब्रोशर, करार आणि फोटो घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा.

मी फर्निचर आखडणं जळगावला आल्यापासून बंद केलं. दोन कामं त्यापायी गेली.

---

सावदेकर | सोमवार, संध्याकाळी ७:५०

+१. केळीबागेतल्या फार्महाऊसचं काम करताना मला उलटा अनुभव आला. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार केळ इतकी गुळगुळीत की मालक म्हणाले, ही आमची बाग नाही. रावेर-यावलकडची केळ वाऱ्याने फाटलेली असते, पानाच्या चिंध्या झालेल्या असतात. शेवटी बागेत जाऊन फोटो काढले, पान चिरून मॉडेल केलं, आणि मटेरियल दोन्ही बाजूंनी उजेड झिरपणारं ठेवलं. सूर्य पानामागे गेला की पान आतून पेटल्यासारखं पोपटी दिसतं, ते नुसत्या हिरव्या रंगाने येत नाही. मालकांनी एकही करेक्शन सांगितलं नाही.

---

अणुरेणू | सोमवार, रात्री १०:२०

पर्याय का वाढले हे समजायला रेंडर वेगवान कसा झाला ते बघावं लागेल. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

खोलीतल्या एका बिंदूवर किती उजेड आहे, हे सांगणारं समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. त्यात अडचण अशी की त्या बिंदूवर उजेड येतो तो खोलीतल्या बाकी सगळ्या बिंदूंवरून, आणि त्यांच्यावर येतो तो पुन्हा सगळ्यांवरून. तंतोतंत सोडवणं अशक्य. म्हणून काजियांनी यदृच्छेने किरण सोडून सरासरी काढायची पद्धत दिली, तीच पाथ ट्रेसिंग. सरासरी असल्यामुळे चित्रात दाणे दिसतात. आणि इथे गणित क्रूर आहे: दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. पाव करायचे तर सोळापट.

गिरणाकाठ यांच्या २००९ च्या मशीनला ते परवडत नव्हतं. म्हणून तेव्हाचा व्ही-रे थोड्याच ठिकाणी परावर्तित उजेड मोजायचा आणि मधली जागा अंदाजाने भरायचा. कोपऱ्यातले ते काळपट डाग म्हणजे चुकलेला अंदाज. वॉकथ्रूत तेच डाग लुकलुकायचे.

मग तीन गोष्टी झाल्या. प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे भाग, वाढले. २०१८ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं आली, त्यांत किरण कुठे आदळतो हे शोधायला वेगळा भागच होता. आणि दाणे पुसणारी डीनॉइजर आली, शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालणारी. इंटेलने तर २०१९ मध्ये स्वतःचं डीनॉइजर खुलंच करून टाकलं. तुमचा वीस मिनिटांचा हॉल बहुतेक अर्धवट शिजलेला असतो, उरलेलं काम डीनॉइजर करतो. त्याचा तोटा असा की जिथे पोत बारीक आहे, कोटा फरशीचे ठिपके, सुती पडद्याचं विणकाम, तिथे तो पोतालाच दाणे समजून पुसतो.

लुमियन, ट्विनमोशन, अनरिअल, डी५ या लगोलग चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांचं आणखी निराळं. ३० सेकंदांचा वॉकथ्रू, सेकंदाला २५ फ्रेमा, म्हणजे ७५०. एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तर एका मशीनवर १२५ तास. त्याच फ्रेमा चार सेकंदांना एक निघाल्या तर पन्नास मिनिटं. ज्याला पाच दिवस लागत होते ते जेवणाच्या सुट्टीत होतं. मागणारा बदलणारच.

---

लाल_पेन्सिल | मंगळवार, सकाळी ९:४०

मी आर्किटेक्ट, भुसावळला ऑफिस आहे. तुमच्या रात्री पावणेअकराच्या निरोपामागे कधीकधी आम्ही असतो, म्हणून दुसरी बाजू मांडते.

करेक्शन येतात कारण डिझाईनच ठरलेलं नसतं. पूर्वी आम्ही कागदावर ठरवायचो, मग तुमच्याकडे पाठवायचो. आता ‘आधी थ्रीडी बघू’ म्हणून अर्धवट प्लॅन पुढे जातो. हा दोष आमचा आहे. घरमालकाला प्लॅन वाचता येत नाही, त्याला चित्र कळतं, आणि आयुष्यभराची कमाई घालताना त्याने दहा वेळा विचारावं हेही मला योग्य वाटतं.

मी अलीकडे एक करते. पहिल्या बैठकीला रंग, दगड, झाडं काहीच दाखवत नाही. सगळं मॉडेल करड्या रंगात, एन्स्केप या तशाच सॉफ्टवेअरमध्ये उघडून मालकांना शेजारी बसवते आणि घरातून फिरवते. ‘इथे देव्हारा नको’, ‘ओटा आणखी लांब हवा’, जे बदलायचं ते तिथल्या तिथे. एका दुपारी पंचवीस बदल होतात आणि कुणाची झोप जात नाही. मग मालकांची सही, आणि त्यानंतर मॉडेल थ्रीडीवाल्या दादांकडे. त्यांचं काम उजेडाचं आणि पोताचं, भिंती सरकवण्याचं नाही.

---

आखाजीचा_झोका | मंगळवार, दुपारी १२:१०

मन्हा पोऱ्या पुनामा हाईच काम करस. आखाजीले बी उना नही.

तो चित्रं काढतो एवढंच आम्हाला माहीत होतं. हा धागा बहिणीच्या मुलाने वाचून दाखवला. आता कळलं तो फोनवर ‘रेंडर चालू आहे’ म्हणतो म्हणजे काय. तुम्ही मालक लोक आहात म्हणून सांगतो, पोरांना आखाजीसारख्या सणाला घरी सोडत जा. त्याच्या आईने झोका बांधून ठेवला होता.

---

गिरणाकाठ | मंगळवार, दुपारी १२:३५

काका, वाचलं. दोन्ही मुलांना दाखवलं. यंदा कानबाईच्या सणाला आमचं ऑफिस बंद राहील, हे आजच भिंतीवर लिहिलं.

---

बोरी_नदी | मंगळवार, रात्री ९:०५

अमळनेरहून. लग्नानंतर सहा वर्षं काम सुटलं होतं, आता घरून परदेशातल्या एका स्टुडिओसाठी करते. सोफियात जन्मलेलं व्ही-रे आणि प्रागमधलं कोरोना ही रेंडरची सॉफ्टवेअरं मी अमळनेरच्या स्वयंपाकघराशेजारी वापरते. कोरोना तर २००९ मध्ये तिथल्या तांत्रिक विद्यापीठात एका विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून सुरू झालं. मोठ्या शहरात असल्याशिवाय होत नाही असं कुणी म्हटलं की मी हे सांगते.

तिथे शिकलेली पद्धत: करारातच दोन करेक्शन फेऱ्या. फेरी म्हणजे एकाच वेळी, एकाच कागदावर, सगळ्या सूचना. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे, आणि ते आधी लिहिलेले. सुरुवातीला मला वाटलं हे लोक तुटक आहेत. पण तिथला माणूस एक सूचना लिहिताना तुमच्या जुन्या पार्टीसारखाच विचार करतो, कारण तिला किंमत आहे.

आणखी एक, उन्हाबद्दल. आपल्याकडची बरीच एलिव्हेशनं बघते तर सूर्य युरोपातला असतो, तिरपा, मऊ, लांब सावल्यांचा. तयार आकाश टाकलं की असंच होतं. जळगाव, धुळे, अमळनेर सगळं २१ अक्षांशाच्या आसपास. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाखालीच. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. म्हणजे ‘उत्तरेची खिडकी, ऊन येत नाही’ असं म्हणून छज्जा काढून टाकला तर जूनमध्ये मालक शिव्या देणार. सूर्याला गावाचं अक्षांश-रेखांश आणि तारीख घाला. छज्जा पुरतो की नाही हे चित्रच सांगतं. त्या माहितीसाठी तरी लोकांनी आपल्याला पैसे द्यावेत असं मला वाटतं.

---

पांझरेपल्याड | मंगळवार, रात्री ९:४५

ताई, हे मी गेल्या वर्षी चुकलो. पश्चिमेच्या गॅलरीला काच दाखवली, चित्र देखणं आलं, घर बांधलं गेलं. मालक आता चारनंतर त्या खोलीत बसत नाहीत. जाऊन बघून आलो, खोलीत पाय ठेववत नव्हता.

---

शिकतेय_अजून | बुधवार, दुपारी ४:००

मी शिरपूरची, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सगळं वाचून काढलं. दोन प्रश्न. मशीन कुठलं घेऊ? बाबा ८० हजारांच्या वर जाऊ शकत नाहीत. आणि दुसरा अडकलेला रेंडर आहे.

आजीचं धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, आणि उजेडासाठी धाब्यात एकच भोक. पुढच्या वर्षी ते पाडणार आहेत, म्हणून मी ते ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर करतेय. मेमधली दुपार घेतली, शिरपूरचं अक्षांश घातलं. भोकातून उन्हाचा गोल बरोबर जमिनीवर पडतो. पण बाकी खोली दाण्यांनी भरलेली. डीनॉइजर लावला तर आजीने सारवलेल्या भिंतीवरची बोटांची वळणंच गेली, भिंत प्लास्टिकची दिसते.

---

अणुरेणू | बुधवार, संध्याकाळी ६:२५

तू नकळत पाथ ट्रेसिंगची सगळ्यात अवघड परीक्षा घेतली आहेस. तुझ्या खोलीला उजेड देतो तो जमिनीवरचा छोटा गोल. सूर्य कुठे आहे हे इंजिनला माहीत असतं, पण तो गोल त्याला माहीत नसतो. भिंतीवरून निघालेल्या किरणांपैकी फार थोडे योगायोगाने त्या गोलावर आदळतात. जे आदळतात ते झगझगीत, बाकी अंधार. म्हणून दाणे. भोकावर पोर्टल (आकाशाचा उजेड इथून येतो अशी इंजिनला दिलेली खूण) ठेव, त्याने आकाशाचा उजेड सुधारेल. गोलाचं मात्र किरण वाढवण्यावाचून सोपं औषध नाही.

---

गिरणाकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:१०

मशीनचं: ८० हजारांत नवं आणि भारी घेण्याच्या मागे लागू नकोस. ग्राफिक्स कार्डाची मेमरी आधी बघ, कारण कार्डावर रेंडर करताना सीन त्या मेमरीत मावायला लागतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं कार्ड अजून पुष्कळ काम देतं. रॅम ३२ जीबी, आणि यूपीएस. वर सांगितलेली जाळी विसरू नकोस. सॉफ्टवेअरवर खर्च करू नकोस, ब्लेंडर फुकट आहे आणि पुरेसं आहे. कुणी सीन पाठवला तर त्यात उजेड कुठून येतो ते आधी हाताने कागदावर काढ.

आजीच्या घराचं: डीनॉइजर बंद कर. बाउन्स, म्हणजे किरणाच्या उड्या, बारापर्यंत ने, मातीच्या खोलीत उजेड खूप फिरतो. सॅम्पलची, म्हणजे किरणांची, मर्यादा चांगली वाढव. रात्री दहाला टाक आणि झोप. सकाळी उठून बघ.

आमच्याकडचं सांगायचं तर, काल दोन पार्ट्यांना दोन करेक्शन फेऱ्यांचा कागद पाठवला, लाल_पेन्सिल ताईंसारखी करड्या मॉडेलवर सहीची अटही घातली. एकाने काम काढून घेतलं. दुसऱ्याने फोन करून विचारलं, ‘म्हणजे मी सगळं एकदाच लिहून द्यायचं ना?’ आणि रात्री नऊला सोळा मुद्द्यांचा कागद पाठवला. आम्ही तो आज सकाळी दहाला उघडला.

---

शिकतेय_अजून | गुरुवार, सकाळी ७:२०

७ तास ४० मिनिटं लागली. लाईट गेली नाही. चित्र जोडलंय. दाराच्या डाव्या बाजूला बघा, सारवणातली बोटं दिसतात. आजीला मोबाईलवर दाखवलं, ती म्हणाली चूल थोडी आणखी भिंतीकडे होती. तेवढं सरकवते आणि आज रात्री पुन्हा टाकते.